हात पालथा कसा होऊ लागला

कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवा आणि प्रसाद घ्यायचा असावा तसा तळहात आकाशाकडे करा. आता कोपर जागचे न हलवता, कोणाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा तसा तोच तळहात जमिनीकडे वळवा. पहिल्या स्थितीला मराठीत उताणा हात म्हणतात आणि दुसरीला पालथा. शरीररचनाशास्त्राला या हालचालीसाठी याहून नेमके शब्द क्वचितच सापडतील. कोपर बरगडीला टेकवून ठेवण्याचे कारण असे की, हात सरळ लांब केला तर खांदाही नकळत फिरू लागतो आणि कोणते वळण खांद्याचे व कोणते अग्रबाहूचे, म्हणजे कोपर ते मनगट या भागाचे, हे कळेनासे होते. आपण या क्रियेला सर्रास ‘मनगट फिरवणे’ म्हणतो. प्रत्यक्षात मनगटाचा सांधा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वाकतो, स्वतःभोवती मात्र जवळजवळ फिरत नाही. फिरतो तो अग्रबाहू, आणि तोही एका हाडाभोवती दुसरे हाड लोळवून.

या भागात दोन हाडे शेजारी शेजारी असतात. करंगळीच्या बाजूचे हाड म्हणजे अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस. अल्नाचे वरचे टोक आकड्यासारखे असून ते दंडाच्या हाडाला घट्ट धरून बसते. बिजागरीवरच्या दारासारखे ते उघडते आणि मिटते, यापलीकडे त्याला फारशी मोकळीक नाही. रेडियसचे वरचे टोक याउलट गोल चकतीसारखे आहे. अस्थिबंधनाच्या एका कड्यात ही चकती अडकवलेली असते आणि त्या कड्यात ती जागच्या जागी गरगर फिरू शकते. खालच्या टोकाला मात्र रेडियस रुंद होते, मनगटाचा बहुतेक भार स्वतःकडे घेते आणि अल्नाला वळसा घालून पंजा बरोबर घेऊन जाते. हात उताणा असताना ही दोन हाडे समांतर असतात. पालथा केला की रेडियस अल्नावरून तिरके जाऊन दोघांची फुली होते. दोन्ही दिशांना मिळून हे वळण साधारण १५० अंशांचे भरते, म्हणजे अर्ध्या फेऱ्याला थोडेसेच कमी. दंडाची बेटकुळी ज्या स्नायूमुळे दिसते तो स्नायू रेडियसलाच जोडलेला आहे आणि कोपर वाकलेले असताना हात उताणा करण्याच्या कामी तो विशेष जोर लावतो, म्हणूनच उजव्या हाताने स्क्रू आवळताना जितका जोर लावता येतो तितका सैल करताना लावता येत नाही, असा अनुभव येतो.

ही सोय आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती नसलेले प्राणी आपल्या आजूबाजूलाच वावरतात हे ध्यानात येत नाही. बैलाला पुढच्या पायाचा तळवा वर करून दाखवता येत नाही आणि घोड्यालाही नाही. अकरावी-बारावीला बेडकाचे विच्छेदन केलेल्या पिढीला ‘रेडिओ-अल्ना’ हा शब्द आठवत असेल. बेडकात ही दोन्ही हाडे जुळून एकच झालेली असतात, आणि त्या एका हाडावर दिसणारी उभी खाच एवढीच त्यांच्या जुन्या दुजेपणाची खूण उरलेली आहे. मग ज्या सोयीवाचून इतक्या जणांचे चालते ती आली कशासाठी? हात वळवून वस्तू पकडण्यासाठी, हे सहज सुचणारे उत्तर मला अपुरे वाटते. जमिनीवर आल्यानंतर या दोन हाडांच्या जोडीचे पहिले काम हात वळवणे हे नव्हतेच. हात जमिनीवर स्थिर राहावा आणि वरचे शरीर पुढे जाऊ शकावे, हे ते काम होते.

ही जोडी जमिनीवर येण्याच्याही आधीची आहे. मांसल पर असलेल्या काही प्राचीन माशांच्या परात एक जाड हाड, त्यापुढे दोन हाडे, अशी मांडणी आधीपासूनच होती. कॅनडातील क्विबेकमध्ये मिग्वाशा येथे सापडणाऱ्या, सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या युस्थेनोप्टेरॉन या माशात ती स्पष्ट दिसते. कॅनडाच्याच उत्तर टोकाला, एल्समियर बेटावर २००४ मध्ये सापडलेला आणि २००६ मध्ये जगापुढे मांडला गेलेला टिक्टालिक हा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला खवले आणि पर होते, पण पराच्या आतल्या हाडांना कोपरासारखे वाकता येत होते, म्हणजे उथळ पाण्याच्या तळावर तो पर टेकून अंग उचलू शकत असावा. पूर्व ग्रीनलंडमधल्या, सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या ॲकॅन्थोस्टेगाला तर खरीखुरी बोटे होती, तीही एकेका हाताला आठ. तरीही त्याच्या अग्रबाहूतले रेडियस अल्नापेक्षा बरेच लांब होते, अगदी माशांसारखे. शेजारच्या दोन खांबांपैकी एक आखूड असेल तर त्यांवर छत नीट टेकत नाही. त्यामुळे हे हात चालण्यासाठी नव्हते, पाण्यातच वल्ह्यासारखे वापरले जात असावेत, असे जीवाश्मतज्ज्ञ मानतात.

खरी अडचण उभी राहिली ती चालू लागल्यावर. सॅलॅमँडर, म्हणजे बेडकाचा शेपटीवाला भाईबंद, किंवा पाल कशी उभी राहते ते आठवून पाहा. दंड शरीरापासून बाजूला, जवळजवळ आडवा पसरलेला. कोपरापासून खालचा भाग उभा. आणि पंजा जमिनीवर टेकलेला. पाऊल टाकताना पंजा आहे तिथेच राहतो आणि दंड पुढून मागे वळतो, शिवाय स्वतःच्या अक्षाभोवतीही फिरतो. आता कोपर ते मनगट हा भाग एकाच ताठ हाडाचा असता, तर वर दंड जितका वळला तितका खाली पंजाही जमिनीवर घासत वळला असता, आणि ओल्या मातीत रवी फिरवावी तशी प्रत्येक पावलागणिक बोटे गोल फिरली असती. तसे होत नाही, कारण वरून आलेला पीळ मधल्या मध्ये जिरवला जातो. बांबूची एक जाड फळी दोन्ही टोकांना धरून पिळण्याचा प्रयत्न करा. ती दाद देत नाही. त्याच लांबीच्या दोन कामट्या शेजारी धरून पिळल्या तर त्या एकमेकींवरून थोड्या सरकतात आणि वळतात. पालींच्या, सरड्यांच्या अग्रबाहूतल्या दोन हाडांची हालचाल साधारण या जातीची आहे. हाडे थोडी सरकतात, थोडी वळतात, काही पीळ कोपर घेते, काही मनगट. आपल्यासारखे ऐटीत लोळणारे रेडियस तिथे नाही, आणि त्याची गरजही नाही.

पुढचा पेच उभ्या पायांच्या प्राण्यांपुढे आला, आणि तो नीट कळण्यासाठी थोडी भूमिती करावी लागते. पालीसारखे दंड बाजूला पसरून आणि बोटे पुढे ठेवून ओणवे आहोत अशी कल्पना करा. आता अग्रबाहूला मुळीच न पिळता, बाहेर आलेले कोपर मागे वळवून शरीराच्या खाली आणा. कोपर बाजूकडून मागे गेले म्हणजे सगळा हात पाव फेरा फिरला, आणि त्यासोबत बोटेही पाव फेरा फिरून पुढची बाहेर गेली. असा प्राणी उभा सरळ राहील, पण त्याच्या हातांची बोटे मात्र डावी-उजवीकडे रोखलेली असतील, आणि पुढे ढकलण्याचा जोर भलत्याच दिशेला जाईल. बोटे पुन्हा पुढे आणायची तर कोपर आणि मनगट यांच्या मध्ये आणखी पाव फेऱ्याचा पीळ घातला पाहिजे. सस्तन प्राण्यांच्या वंशात तो हाडांनी घातला, तो असा की रेडियसचे वरचे टोक कोपराच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला गेले आणि खालचे टोक आतल्या बाजूलाच राहिले. हाडांची फुली झाली. गाय, कुत्रा, हत्ती, घोडा यांचे पुढचे पाय आपल्या भाषेत सदैव पालथे असतात ते यामुळे. (घोड्याच्या पुढच्या पायाचा जो भाग आपण गुडघा म्हणून ओळखतो तो खरे तर त्याचे मनगट आहे, कोपर त्याच्या बरेच वर, छातीला लागून असते. हे एकदा कळले की जनावरांच्या पायांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.)

सस्तन प्राण्यांचे प्राचीन पूर्वज, ज्यांना सायनोडोंट म्हणतात, त्यांच्या दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला रेडियससाठी एक आणि अल्नासाठी एक असे दोन उंचवटे होते. आजच्या पिल्ले जन्माला घालणाऱ्या सस्तन प्राण्यांत अल्नाच्या उंचवट्याच्या जागी कप्पीसारखी खोबण तयार झाली. कप्पीवरून दोर जसा इकडेतिकडे न घसरता फक्त पुढे-मागे जातो, तसे या खोबणीने अल्नाला एका प्रतलात बांधून टाकले. आणि मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: एका हाडाला पक्के बांधल्यामुळेच दुसरे मोकळे सोडता आले. कोपर स्थिर ठेवण्याची जबाबदारी अल्नाने घेतल्यावर रेडियसचे डोके गोल होऊन फिरायला हरकत उरली नाही. अंडी घालणारे प्लॅटिपस आणि एकिडना यांच्यात ही कप्पी नाही; त्यांचे दंड आजही बाजूला पसरलेले असतात आणि चालताना दंडाचे हाडच मोठ्या प्रमाणावर स्वतःभोवती फिरते.

डायनोसॉरांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने टाळला. त्यांचे आरंभीचे पूर्वज दोन पायांवर चालू लागले, हात जमिनीपासून सुटले, आणि बोटे पुढे रोखण्याची निकड संपली. त्यामुळे मांसाहारी डायनोसॉरांचे तळहात एकमेकांकडे तोंड करून असत, टाळी वाजवण्याच्या बेतात असलेल्या माणसासारखे. चित्रपटांत आणि खेळण्यांत त्यांचे हात सशासारखे पुढे लोंबणारे, तळवे जमिनीकडे असलेले दिसतात. तसे करण्यासाठी त्यांना मनगटाच्या वरची हाडे मोडून घ्यावी लागली असती. हे आपण कशावरून म्हणतो? एक तर त्यांच्या रेडियसचे वरचे टोक गोल चकतीसारखे नाही आणि अल्नावर ते लोळू शकेल अशी जागाही नाही. दुसरे, त्यांचे आज हयात असलेले जवळचे नातलग म्हणजे एका बाजूला मगरी आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे थेट वंशज असलेले पक्षी, आणि या दोघांतही रेडियस आपल्यासारखे गोल फिरत नाही. तिसरा पुरावा तर दगडातच उमटलेला आहे. अमेरिकेतील युटा राज्यात सेंट जॉर्ज येथे सुमारे १९.८ कोटी वर्षांपूर्वी एक मांसाहारी डायनोसॉर ओल्या गाळावर बसला होता. त्या बैठकीच्या ठशात पाय आणि शेपटी यांच्यासोबत हातांचेही ठसे आहेत, आणि ते तळव्यांचे नाहीत, तर हाताच्या बाहेरच्या कडेचे आहेत. २००९ मध्ये या ठशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. बसतानादेखील त्या प्राण्याने तळवे जमिनीला लावले नाहीत, आतल्या बाजूला वळलेलेच ठेवले.

पण याच वंशातील काही शाखा आकाराने प्रचंड झाल्या आणि पुन्हा चार पायांवर आल्या, तेव्हा टाळलेला प्रश्न त्यांच्यापुढे व्याजासह उभा राहिला. लांब मानेच्या सॉरोपॉड डायनोसॉरांनी त्याला जे उत्तर शोधले ते सस्तन प्राण्यांपेक्षा निराळे होते. त्यांच्या रेडियसचे वरचे टोक पुढे सरकले आणि त्याला सामावून घेण्यासाठी अल्नाच्या वरच्या भागाला पाळण्यासारखी खोल बैठक तयार झाली; पंज्याची हाडे अर्धवर्तुळात उभी राहून खांब बनली. अशा प्रकारे हाडांची फुली न करताच पंजा बऱ्याच अंशी पुढे वळला. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेला इसिसॉरस याच कुळातला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला टायटॅनोसॉरसची एक जात मानले होते; २००३ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, ज्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. त्याचे दंडाचे हाडच १४८ सेंटिमीटर लांब आहे. इतक्या वजनाच्या हातात फिरणारे रेडियस असणे ही सोय नव्हे, धोकाच ठरला असता. तीन शिंगांच्या ट्रायसेराटॉप्सने मात्र पंजा पूर्णपणे पुढे वळवण्याचा नाद सोडला: त्याचे तळवे आतल्या बाजूला तोंड करून असत आणि शरीराचा भार अंगठ्याकडच्या तीन बोटांवर पडत असे.

हत्तीची तुलना इथे करण्याजोगी आहे. आकारमानाचा प्रश्न तोच, पण हत्ती सस्तन प्राणी असल्यामुळे त्याच्याकडे वारशाने आलेली फुली होती. ती त्याने कायमची पक्की करून टाकली. हत्तीच्या पुढच्या पायात रेडियस अल्नावरून तिरके जाते आणि तिथेच अडकून राहते. बहुतेक भार अल्ना पेलते.

पक्ष्यांत याच दोन हाडांचे वेगळेच काम आहे. पंख पसरताना आणि मिटताना रेडियस अल्नाला समांतर राहून लांबीच्या दिशेने सरकते, त्यामुळे कोपर वाकले की मनगटही आपोआप वाकते आणि उघडले की आपोआप उघडते. समांतर पट्टी वापरून रेघा ओढणाऱ्यांना ही युक्ती लगेच उमजेल. उडताना हवेचा मारा पंखाला पिळू पाहतो, तेव्हा अग्रबाहू फिरणारा असता तर पंख हातातल्या छत्रीसारखा उलटला असता. वटवाघळांनी तर अल्ना जवळजवळ टाकूनच दिली. त्यांच्या पंखाचा भार एकट्या लांब, कणखर रेडियसवर असतो.

सस्तन प्राण्यांत फिरणारा अग्रबाहू कोणी राखला आणि कोणी सोडला याचा हिशेब घातला तर त्यातून त्यांच्या पोटापाण्याची रीत कळते. ताडोबाच्या जंगलात बिबट्या आणि रानकुत्रा दोघेही एकाच प्रकारच्या भक्ष्यावर जगतात. बिबट्या दबा धरून झेप घेतो, दोन्ही पंज्यांनी हरणाला कवटाळतो आणि मग नरडे धरतो. कवटाळण्यासाठी तळवे एकमेकांकडे वळावे लागतात आणि झाडाच्या खोडाला मिठी मारून शिकार वर ओढून नेण्यासाठीही. रानकुत्री कळपाने भक्ष्याला पळवून दमवतात आणि पकडतात ती केवळ जबड्याने. पंज्यांनी काही धरण्याची त्यांना गरज पडत नाही. दोघांच्या कोपरात हा फरक कोरलेला आहे. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या रेडियसचे डोके गोलाकडे झुकणारे, तर कुत्र्याच्या कुळात ते आडवे, लांबट असते आणि कोपराच्या सांध्यात खुंटीसारखे बसते. घरातल्या मांजरीला दोरा लोंबवून दाखवला तर ती तळवा वळवून तो पकडते. कुत्रा पंजा देतो तो वरून खाली आपटूनच. ऑस्ट्रेलियातील नामशेष झालेल्या थायलासिनला त्याच्या तोंडवळ्यावरून लांडगा म्हणत, पण त्याच्या कोपराच्या हाडांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ती दबा धरणाऱ्या शिकाऱ्यांशी अधिक जुळणारी निघाली. जीवाश्मात स्नायू उरत नाहीत, सवयी तर नाहीतच. रेडियसच्या डोक्याचा आकार मात्र उरतो, आणि तो पुष्कळ काही सांगून जातो.

धावणाऱ्यांनी ही मोकळीक सोडण्यामागे काटकसर आहे. फिरू शकणारा सांधा प्रत्येक पावलाला स्नायूंनी आवळून धरावा लागतो, नाहीतर खुराखाली दगड आला की पाय पिळवटतो. स्नायूंना खर्च येतो, वजनही वाढते. तेच काम हाडे जुळवून फुकट होते. घोड्यात अल्नाचा खालचा अर्धा भाग नाहीसाच झाला आहे. वरचा भाग रेडियसला चिकटला असून कोपरामागचे टोक तेवढे स्नायूंची तरफ म्हणून शिल्लक आहे.

आपण झाडांवर राहणाऱ्यांच्या कुळातले. फांद्या एकाच दिशेने वाढत नाहीत, त्यामुळे त्या पकडणाऱ्या हाताला अनेक कोनांतून वळावे लागते, आणि वानरकुळाने गोल डोक्याचे रेडियस जपले ते या कारणाने. त्यातही ईशान्य भारतातल्या हूलॉक गिबनसारखे हातांनी लोंबकळत जाणारे प्राणी या बाबतीत आपल्याहून सरस आहेत. गिबनने एका हाताने फांदी धरली की हात तिथेच राहतो आणि त्याखाली झुलणारे शरीर अर्धा फेरा फिरून पुढच्या फांदीकडे तोंड करते. पंजा स्थिर, शरीर फिरते: सॅलॅमँडरची जुनीच गरज, फक्त जमीन पायाखाली नसून डोक्यावर आहे. शिवाय गिबनसारख्या बिनशेपटीच्या वानरांत आणि माणसांत अल्नाचे खालचे टोक मनगटाच्या हाडांपासून मागे सरकले आहे, त्यामुळे पंज्याला रेडियसबरोबर अडथळ्याविना फिरता येते. दगडाची हत्यारे, सुई, स्क्रू, कुलपाची किल्ली हे सगळे फार नंतरचे. फिरणारा हात तोवर तयारच होता.

या रचनेची एक कच्ची बाजू लहान मुलांत दिसते. रेडियसचे डोके ज्या कड्यात फिरते ते कडे एक ते चार वर्षांच्या वयात पुरेसे घट्ट झालेले नसते. रस्ता ओलांडताना किंवा खेळता खेळता कोणी मुलाला एका हाताने झटकन वर ओढले, आणि त्या क्षणी मुलाचा हात पालथा असला, तर कडे डोक्यावरून निसटून सांध्यात अडकते. मूल रडते, हात अंगालगत धरून ठेवते आणि हलवायला तयार होत नाही. डॉक्टर कोपर धरून अग्रबाहू एकदा पूर्ण पालथा करतात, किंवा उताणा करून कोपर वाकवतात. बोटाखाली बारीकसा ‘टक्’ लागतो, कडे जागेवर बसते, आणि थोड्याच वेळात मूल त्याच हाताने खेळणे मागू लागते.